विश्लेषण : जुन्या संगणकातली रॅम अचानक मौल्यवान का झाली?

‘विंडोज १०’ची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि जवळपास त्याच सुमारास रॅमच्या किमती चढू लागल्या. सात-आठ वर्षांपूर्वी सुटे भाग जुळवून तयार केलेला घरचा संगणक त्यामुळे दुहेरी कोंडीत सापडला आहे. तो टाकून द्यायचा की मोजके भाग बदलून आणखी काही वर्षे चालवायचा, याचे उत्तर आता बरेचसे त्यातल्या जुन्या रॅमवर अवलंबून आहे.

चालू संगणक बाद का ठरतो?

‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका, आणि त्यापुढचे प्रोसेसर या यादीत बसतात. म्हणजे २०१७ मध्ये हौसेने घेतलेला पहिल्या पिढीचा रायझन किंवा सातव्या पिढीचा ‘आय ५’ मुलांचा अभ्यास, हिशेब, ऑनलाइन सभा हे सगळे आजही विनातक्रार करतो. तरी तो यादीबाहेर. घरगुती ग्राहकांना विस्तारित सुरक्षा अद्यतनांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळाली आहे. त्यासाठी नोंदणी मात्र करावी लागते.

रॅमच्या किमती का भडकल्या?

जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम प्रज्ञेच्या डेटा सेंटरना अतिवेगवान ‘एचबीएम’ मेमरी हवी असते. ती विकण्यात नफा अधिक असल्याने कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि घरगुती संगणकांच्या वाट्याचा माल आटला. डीडीआर ४ ही जुनी रॅम तर कंपन्या आधीपासूनच गुंडाळत होत्या. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने होणारी ग्राहकविक्री बंद करण्याची घोषणा केली. काही महिन्यांत रॅमचे दर दुपटीहून अधिक झाले.

एरवी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे त्रिकूट एकदम बदलणे शहाणपणाचे मानले जाई. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये दुकानदारही तिन्हींचा मिळून भाव सांगतात. मात्र या त्रिकुटातला सर्वात स्वस्त समजला जाणारा भागच आता खर्चाचा मोठा वाटा खातो. नाकापेक्षा मोती जड व्हायचा नसेल, तर घरातली रॅम जिथे चालेल असाच मार्ग शोधावा लागतो.

फक्त प्रोसेसर बदलून भागते का?

काही संगणकांत भागते, आणि हाच सर्वात स्वस्त मार्ग आहे. एएमडीने २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी वापरलेले ‘एएम ४’ सॉकेट पुढे रायझन ५००० मालिकेपर्यंत कायम ठेवले. सुरुवातीच्या बोर्डांवर नवे प्रोसेसर चालवायला कंपनी आधी तयार नव्हती. २०२२ मध्ये तिने ती मुभा दिली. त्यामुळे ‘बी ३५०’ बोर्डावरचा रायझन ५ १६०० काढून तिथे रायझन ५ ५६०० बसवता येतो. दोन्हींत सहा कोअर आहेत, दोन्ही ६५ वॉटचे. वेगात मात्र मोठे अंतर. बोर्ड, रॅम, कॅबिनेट, ग्राफिक्स कार्ड सगळे तेच राहते आणि ‘विंडोज ११’चा अडसरही दूर होतो, कारण टीपीएम प्रोसेसरमध्येच असते, फक्त बायोसमध्ये जाऊन ते सुरू करावे लागते.

घोडे पेंड खाते ते क्रमात. बोर्डाचे बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करावे लागते. आधी नवा बसवला तर बोर्ड त्याला ओळखतच नाही आणि पडदा काळा राहतो. नेमका कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसवर चालतो याची यादी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर असते. खरेदीपूर्वी ती पाहावीच. बायोस बदलताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. भारनियमनाच्या गावी हे काम यूपीएसशिवाय करू नये.

इंटेलच्या संगणकांचे काय?

इथे तेवढी सोय नाही. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढ्यांच्या सॉकेटचे नाव एकच, ‘एलजीए ११५१’. तरी जुन्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. नावाच्या या सारखेपणाने अनेक जण फसतात. म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलणे आले. रॅम मात्र वाचू शकते. बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या ‘एलजीए १७००’ बोर्डांत डीडीआर ४ आणि डीडीआर ५ असे दोन्ही प्रकार मिळतात. जुनी डीडीआर ४ हाताशी असेल तर बोर्ड त्याच प्रकारचा आहे ना, हे खोक्यावर वाचूनच पैसे द्यावेत. दोन्ही रॅमना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एएमडीच्या ‘एएम ५’वर तर फक्त डीडीआर ५ चालते.

चौथ्या पिढीचे, डीडीआर ३ वापरणारे संगणक असतील तर हा सगळा खटाटोप सोडलेला बरा. तिथे मूळ त्रिकुटातले काहीच उपयोगी पडत नाही. अशा यंत्रात एसएसडी घालून लिनक्स वापरणे किंवा आठव्या पिढीपुढचा नूतनीकृत संगणक घेणे परवडते.

जुने काय ठेवू नये?

कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी हे सहसा खुशाल ठेवावे. हार्ड डिस्कचे आरोग्य मोफत सॉफ्टवेअरने तपासता येते. शंका घ्यावी ती एसएमपीएसवर. स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेला, स्टिकरवर मोठा आकडा मिरवणारा एसएमपीएस तेवढी वीज देईलच असे नाही आणि बिघडताना तो नवा बोर्डही सोबत नेऊ शकतो. प्रोसेसरसाठी त्यात केवळ चार पिनांची जोडणी असेल, तर नव्या बोर्डाला बहुधा आठ लागतात. शिवाय काही ब्रँडेड संगणकांतला एसएमपीएस आणि बोर्ड प्रमाणित आकाराचे नसतात; तिथे बाजारातला बोर्ड बसतच नाही.

भाग काढण्यापूर्वी काय करावे?

डिस्कवर ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी. प्रोसेसर किंवा बोर्ड बदलला की टीपीएमही बदलते आणि पहिल्याच वेळी संगणक ही ४८ आकडी की मागतो. ती नसेल तर घरचे फोटो, कागदपत्रे डिस्कवर असूनही उघडत नाहीत आणि दुकानदारही काही करू शकत नाही. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना बहुधा बोर्डाशी बांधलेला असतो, त्यामुळे बोर्ड बदलल्यास नव्या परवान्याचा खर्च धरावा. फक्त प्रोसेसर बदलणाऱ्यांना तो सहसा पडत नाही.