हकीकत नसलेली गाडी

आपण आयुष्यात बाळगलेल्या गाड्यांपैकी सर्वांत भरवशाची कोणती, असा प्रश्न चार वयस्क माणसांच्या बैठकीत निघाला, की आपल्याकडे त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. कोणी फियाटचे नाव घेतो, कोणी अँबेसिडरचे. आणि मग भर घाटात रेडिएटर गळू लागला तेव्हा त्यात मूठभर हळद टाकून, किंवा पेट्रोलच्या टाकीला भोक पडले तेव्हा त्यात अंगाच्या साबणाचा तुकडा दाबून, गाडी मुक्कामाला कशी पोचवली याच्या हकीकती सुरू होतात. ऐकणारे तल्लीन होतात, आणि तशा इमानी गाड्या आता होणे नाही असा निकाल एकमताने लागतो. हा निकाल मला मान्य नाही. तो केवळ गतकाळाविषयीच्या ममतेतून आलेला असता तर मी गप्प राहिलो असतो; परंतु त्याच्या मुळाशी एक वैचारिक घोटाळा आहे, आणि त्या घोटाळ्यापायी जिने खरोखर इमाने चाकरी केली त्या गाडीवर, आणि जी माणसे केवळ तिच्यामुळे घराबाहेर पडू शकली त्यांच्यावरही, अन्याय होत आला आहे.

प्रतिपक्षाची बाजू प्रथम तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट ११००, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, ती १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गिअर आणि मागे पोलादी पाटे अशा सरळ रचनेची गाडी होती. तिचे बॉनेट उघडले की एकेक अवयव नजरेसमोर येई, आणि तालुक्याच्या गावी झाडाखाली बसणारा मेस्त्रीसुद्धा पान्ह्यांच्या एका जुडीवर तिचे इंजिन उतरवून पुन्हा चढवीत असे. काळीपिवळी टॅक्सी होऊन तिने जवळजवळ सहा दशके मुंबई वाहिली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी मुंबईच्या टॅक्सींतून नाहीशी झाली, तेव्हा अनेकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. मलाही वाटले.

पण प्रेम हा एक गुण आहे आणि भरवसा हा दुसरा. ‘कोठेही दुरुस्त होते, म्हणून भरवशाची’ या युक्तिवादात दुरुस्तीची सुलभता आणि बिघाडाचा अभाव या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या जातात. जो कारकून दरमहा हिशेबात चूक करतो, पण दाखवून दिल्याबरोबर ती निमूटपणे सुधारतो, त्याला आपण नम्र म्हणू, समजूतदारही म्हणू. पण खजिन्याच्या किल्ल्या त्याच्या हवाली करणार नाही. वाटेत थांबलेली गाडी अर्ध्या तासात पुन्हा चालू करता आली, हे मेस्त्रीच्या कौशल्याचे प्रमाण झाले. गाडीच्या विश्वसनीयतेविरुद्ध मात्र तो दाखलाच आहे, कारण ती थांबली होती.

टॅक्सींच्या दीर्घायुष्याचा पुरावाही नीट तपासून घ्यावा लागतो. वीस वर्षे राबलेल्या टॅक्सीत मूळ कारखान्याचे काय शिल्लक राहिले होते? इंजिनाचे काम दोनतीनदा निघालेले, पाटे बदललेले, पत्रा जागोजागी झाळून घेतलेला, पेट्रोलच्या जागी सीएनजीची टाकी बसलेली. ग्रीसमधील ग्रिगोरिओस साखिनिदिस या टॅक्सीचालकाची १९७६ सालची मर्सिडीज २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर धावून २००४ साली कंपनीच्या संग्रहालयात गेली, आणि तिचे नाव या वादात हटकून निघते; पण तो चालकही तिची इंजिने वेळोवेळी बदलत होता. अशा पराक्रमाचा मान मी नाकारत नाही, तो योग्य हाती जावा एवढेच म्हणतो. ज्या हातांनी पॉइंट घासले, टॅपेट लावले, रात्री बॅटरीच्या उजेडात क्लचची तार ओवली, त्या हातांचे पुण्य आपण पत्र्याच्या खात्यावर जमा करून मोकळे झालो आहोत.

माझ्या वडिलांची गाडीही त्याच पिढीतली होती. ती कोणत्या कंपनीची होती हे सांगत नाही, कारण दोष त्या काळच्या साऱ्या यंत्ररचनेचा होता. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर इंजिन हमखास धापा टाकू लागे आणि एका वळणावर मुके होई. पेट्रोलचा पंप इंजिनालाच जडलेला. इंजिन तापले की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि वाफ ओढत बसलेला पंप कार्ब्युरेटरपर्यंत थेंबही पोचवू शकत नसे. वडील खाली उतरत, बाह्या सरसावत, कॅनमधल्या पाण्यात पंचा बुचकळून पंपावर गुंडाळत आणि कठड्याच्या दगडावर बसून राहत. पंच्यातून निघणारी वाफ थांबली की तो पिळून पुन्हा भिजवायचा. असे तीनचारदा झाले की गाडी सुरू होई. आम्ही मुले त्या वेळात करवंदे शोधायला पांगत असू, आणि आज तो थांबा आठवला की मला आनंदच होतो. पण आई आनंदात नसे. तिच्या मांडीवर तापलेले धाकटे भावंड असे, आणि सातारा अजून बराच दूर असे. बैठकीत गाडीच्या हकीकती सांगणारे सारे पुरुषच असतात, ही गोष्ट मला फार उशिरा जाणवली.

शिवाय त्या निष्ठेला निवडीचा आधार नव्हता. परवान्यांच्या त्या राज्यात मोटारी बनवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याजोग्या होत्या, नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि जे मिळाले ते शिरोधार्य मानण्याखेरीज इलाज नव्हता. जिची तुलनाच झाली नाही, तिला सर्वश्रेष्ठ कसे ठरवणार?

आता मंडन. माझ्या मते आपल्या देशातील सामान्य कुटुंबाने बाळगलेली सर्वांत भरवशाची गाडी मारुती ८०० ही होय. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीच्या किल्ल्या इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपालसिंग यांना मिळाल्या, आणि २०१० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती गाडी सोडली नाही. ७९६ घनसेंटिमीटरचे, तीनच सिलिंडरांचे तिचे इंजिन पाहून जाणत्यांनी तिला डबी म्हटले, खेळणे म्हटले. घाटात टिकणार नाही असे भाकीत केले. तिने घाट ओलांडले, ते लडाखपर्यंतचे. मोठे सामर्थ्य तिच्यात नव्हते. होती ती मापाची अचूकता. सुझुकीशी झालेल्या करारातून गुडगावच्या कारखान्यात आलेली खरी संपत्ती हीच होती, की सुटा भाग डब्यातून काढावा आणि कानस न लावता तो जागेवर बसावा. भाग भागाशी अचूक बसला की घर्षण कमी, घर्षण कमी की झीज कमी, आणि झीज कमी की मेस्त्रीच्या दारी जाण्याचे प्रसंग कमी. २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबेपर्यंत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि एवढ्या संख्येनंतरही तिच्याविषयी बैठकीत रंगवून सांगण्यासारखे कोणापाशी फारसे काही नसते. हेच माझे मुख्य प्रमाण आहे. गाडीची हकीकत ही बहुधा तिच्या बिघाडाची हकीकत असते. जी बिघडली नाही तिला हकीकत कोठून येणार?

यावर दोन आक्षेप येतात. जुन्या गाडीचा पत्रा जाड होता आणि ८०० चा पातळ, हा पहिला. तो खरा आहे. अपघातात तिने माणसाला फारसे संरक्षण दिले नसते हे मी लपवीत नाही, परंतु सुरक्षितता हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्या कसोटीला जुना जाड पत्राही उतरत नाही. दुसरा आक्षेप असा, की पुढे या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा शिरली आणि मेस्त्रीचा हात चालेनासा झाला. येथे आक्षेपकांनी कार्यकारणभाव उलटा धरला आहे. जुन्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट फिरत्या दांड्यावर घासत, झिजत, त्यांच्यातली फट बदले, ठिणगीची वेळ चुके; इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनात घासणारा तो भागच उरला नाही. ८०० लासुद्धा प्रारंभी कार्ब्युरेटरच होता; २००० च्या सुमारास इंधन फवारणाऱ्या यंत्रणेची आवृत्ती आली, आणि अशा गाड्यांत पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असल्यामुळे आणि पेट्रोल दाबाखाली वाहत असल्यामुळे खंबाटकीवरचा तो भिजका पंचा कायमचा निकालात निघाला. मेस्त्रीचा हात चालेनासा झाला हे दुःख मलाही आहे, कारण त्या कारागिरांची उपजीविका गेली आणि विद्याही गेली. पण वैद्याची विद्या जिवंत राहावी म्हणून रोग्याने आजारी राहावे, असे कोणी म्हणत नाही.

आणि ज्यांच्यासाठी मी हा वाद घालतो आहे त्यांच्याविषयी सांगायचे राहिले. पान्हे, प्लग, जादा फॅन बेल्ट, पॉलिश पेपर आणि पाण्याचा कॅन बरोबर घेतल्यावाचून जी गाडी वेशीबाहेर नेता येत नाही, ती गाडी ज्याला पान्हा चालवता येतो किंवा ड्रायव्हर ठेवता येतो त्याचीच असते. कागदोपत्री मालकी कोणाचीही असो. माझी एक मावशी सातारा जिल्ह्यात डॉक्टर होती. १९८८ साली तिने ८०० घेतली आणि पुढची सतरा वर्षे रात्री-अपरात्री, पावसापाण्यात, वाड्यावस्त्यांवर ती बाळंतपणाला एकटी जात राहिली. त्यापूर्वी दवाखान्यातला कोणी पुरुष सोबतीला मिळेपर्यंत तिला खोळंबावे लागे. तिने तेल ठरल्या वेळी बदलले आणि टायरांची हवा पाहिली. यापलीकडे बॉनेटखाली काय असते याची तिला कधी गरज पडली नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी तिला त्या गाडीची एखादी आठवण विचारली. बराच वेळ ती आठवत राहिली. मग म्हणाली, “गाडीचं काय सांगू रे? चालत होती.” आणि ती श्रावणातल्या एका रात्रीविषयी बोलू लागली. ओढ्याला पाणी आले होते, बाळ आडवे आले होते, चुलीजवळ सासू देवाचे नाव घेत बसली होती, कंदिलाची काच तडकली होती. पहाटे मुलगी झाली आणि रडली. दिवस फुटायच्या आत मावशी परत आपल्या दारात होती.