या वयात नवं मशीन कशाला?



परवा मंदिरातून परतताना एकीने विचारलं, "काकांना ऐकायचं नवं मशीन घेतलंत म्हणे? या वयात एवढा खर्च?" उत्तर सगळ्यांनाच देते.

आमच्या ह्यांचं कॉक्लिअर इम्प्लांट अकरा वर्षांपूर्वी झालं. त्याचा आतला भाग शस्त्रक्रियेने बसवलेला असतो, तो तसाच राहतो. कानामागे लावतात तो प्रोसेसर. तो आवाज टिपून आत पाठवतो. अपग्रेड म्हणजे फक्त हा बाहेरचा भाग बदलणं, पुन्हा ऑपरेशन नाही.

आमचा जुना सारखा बंद पडायचा, सुटे भाग मिळेनासे झाले होते. तरी हे म्हणायचे, "आता किती दिवस राहिलेत? पैसे नातवाला ठेवू." मीही गप्प बसले. गेल्या क्षमावाणीला धाकट्या दिरांनी चार वर्षांचा अबोला सोडून हात जोडले. ह्यांनी नुसती मान हलवली. दिरांना वाटलं, माफ केलं नाही. खरं तर ऐकूच आलं नव्हतं. रात्री मी कागदावर लिहून दाखवलं, तेव्हा ह्यांचे डोळे भरले.

मग मी हिशेब मांडला. बी.कॉम. कधीतरी कामी यायचंच! किंमत पाच लाखांच्या आसपास. पाचच वर्षं चालला तरी दिवसाला पावणेतीनशे रुपये. मध्यमवयात ऐकू न येणं ही स्मृतिभ्रंशाची मोठी जोखीम आहे, असं 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२० च्या अहवालात म्हटलंय. ते दुखणं घरात आलं, तर त्याचा हिशेब कोण मांडणार?

कोणी म्हणेल, हा परिग्रह. मला तसं वाटत नाही. श्रावक म्हणजेच ऐकणारा. समवसरणात दिव्यध्वनी प्रत्येक जीवाला आपापल्या भाषेत समजते, असं आपण सांगतो. मग घरातल्या वृद्धाने स्वाध्यायात नुसतं बसून परत यावं? वैयावृत्य हे अंतरंग तप आहे. ते पाय दाबण्यावर संपत नाही.

ही जादू नाही, हेही सांगते. मॅपिंगसाठी ऑडिओलॉजिस्टकडे चार फेऱ्या झाल्या. पहिले पंधरा दिवस सगळे आवाज पत्र्यावर पडल्यासारखे यायचे. रावेतच्या रस्त्यावर गाड्यांच्या गोंगाटात अजूनही अडतं. जुना प्रोसेसर नीट चालत असेल, भाग मिळत असतील, तर घाई करू नका. नवा आतल्या भागाशी जुळतो का, हे आधी विचारा.

सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून इम्प्लांट मिळतं, पण ते मुलांना. म्हणून मला वाटतं, मंदिराच्या पैशाला हात न लावता आपण महिला मंडळाने औषधदानाची वेगळी पेटी ठेवावी. उद्यापनाला भांडी वाटतो, त्यातलं थोडं इकडे वळवू.

दिवाळीत दिरांचा फोन आला. आता फोनचा आवाज थेट प्रोसेसरमध्ये येतो. हे म्हणाले, "क्षमावाणीला काय म्हणाला होतास, ते परत एकदा सांग." दोघंही बराच वेळ बोलत होते. मी स्वयंपाकघरात निघून गेले.