दहा प्रतींसाठी गावभर

आमच्या आदिलाबादेत तेलुगू वर्तमानपत्र दूधवाल्याच्या आधी दारात पडते. उर्दू वर्तमानपत्र चहाच्या दुकानात पसरलेले असते, आणि ते विकत न घेता वाचण्याची मुभा सर्वांस आहे. मराठी वर्तमानपत्राची गोष्ट निराळी. त्याला पैनगंगा ओलांडावी लागते. सकाळच्या एस.टी.त कंडक्टरच्या पायाशी बसून पाटणबोरी, पिंपळखुटी, भोरज अशी गावे पाहत ते येते, आणि ज्याला ते हवे असेल त्याने स्वतः बसस्थानकावर हजर व्हावे लागते. गेली कित्येक वर्षे आमची प्रभातफेरी हीच. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, असे आम्ही घरी सांगतो. डॉक्टरांनी खरोखरच तसे सांगितले आहे, पण त्याला आता फार झाले तर दोन वर्षे होतील.

एकच तक्रार होती. आमची प्रत नेहमी घडी मोडलेली असायची. त्याचे खापर आम्ही एस.टी.वर, रस्त्यावर आणि क्वचित कंडक्टरच्या बुटांवर फोडीत असू.

गेल्या पावसाळ्याअखेर स्टॉलवाल्याने आम्हांला बोलावून घेतले. हा गृहस्थ तेलुगू, बडबड्या आणि हिशेबाला पक्का. पूर्वी तो आम्हांला ‘अण्णा’ म्हणत असे. मध्यंतरी केव्हातरी, आमच्या संमतीशिवाय, त्याने आमची ‘ताता’ या पदावर बढती केली. ताता म्हणजे तेलुगूत आजोबा. “ताता,” तो म्हणाला, “महाराष्ट्रवाला पेपर ह्या महिन्यानंतर बंद. पूर्वी गठ्ठा यायचा. आता सहाच गिऱ्हाइकं. दहा झाली तर ठेवतो, नाहीतर कंडक्टरला तरी कशाला त्रास?”

वाचकहो, सहावरून दहा म्हणजे अवघी चार माणसे. ज्या गावात आमच्या चार पिढ्या गेल्या, तिथे चार मराठी वाचक मिळू नयेत काय? आम्ही छत्री उचलली आणि निघालो.

इथे थोडे मागे जाणे भाग आहे, कारण हैदराबादेतल्या आणि पुण्यातल्या आमच्या आप्तांना आम्ही नक्की कुठले हे अजून कळलेले नाही. निजामाच्या राज्यात आदिलाबादची गणना आठ तेलुगू जिल्ह्यांत होई. मराठी जिल्हे पाच आणि कानडी तीन. पण आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम आणि उत्तर अंगाला मराठी भरपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. आमची आत्या किनवटला दिलेली होती. तिच्या घराने हैदराबाद, मुंबई आणि महाराष्ट्र अशी तीन राज्ये पाहिली. आमच्या घराने हैदराबाद, आंध्र प्रदेश आणि 2014 पासून तेलंगण अशी तीन पाहिली. दोन्ही घरांची वीटही हलली नाही आणि सामना बरोबरीत सुटला. 2016 साली जिल्ह्याचेच चार भाग झाले, तेव्हा निर्मळ, मंचिर्याल आणि आसिफाबाद हेही वेगळे निघाले. रेल्वेची तऱ्हा आणखी और. तिने 2003 मध्ये नांदेड विभाग केला आणि आमचे स्टेशन त्यात घातले. म्हणजे तहसील कचेरीच्या दृष्टीने आम्ही तेलंगणचे आणि रेल्वेच्या दृष्टीने नांदेडचे. असो.

पहिली स्वारी कापसाच्या बाजार आवाराकडे. हंगाम जवळ आला होता. एका अडत्याशी आमची जुनी ओळख. हा घरी तेलुगू बोलतो, शेतकऱ्याशी मराठी बोलतो, हमालाशी दखनी बोलतो आणि बँकेच्या साहेबाशी काहीच बोलत नाही, फक्त मान डोलावतो. आम्ही संस्कृती, वाङ्मय, सीमाभाग वगैरे विषय मनात जुळवून गेलो होतो. त्याने आम्हांला दोन वाक्यांत थांबवले. “काका, त्यात पांढरकवड्याचा आणि वणीचा भाव असतो काय?” असतो, असे आम्ही सांगितले. “मग लावा.” त्याने कारण समजावले. सरकारी खरेदीत कापसाचा ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पुरा भाव, त्यावर बारापर्यंत कापून, आणि बारावर गेला की गाडी परत. अशा परत आलेल्या गाडीचा शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, नदीपलीकडे काय चालले आहे? आमच्या भाषेचा इतका रोखठोक उपयोग आम्हांला कोणा साहित्यसंमेलनात ऐकल्याचे आठवत नाही. सात झाले.

तिथून भाजीबाजार. आमच्या नेहमीच्या भाजीवालीचे माहेर बेल्याकडचे, म्हणजे तिची मराठी आमच्याहून ठसठशीत. तिच्यासमोर अंबाडीची जुडी होती आणि भोवती तीन गिऱ्हाइके. एका बाईने तिला ‘पुंटिकूर’ म्हटले, एका शिक्षिकेने पुस्तकी तेलुगूत ‘गोंगुरा’, आणि टोपीवाल्या म्हाताऱ्याने ‘अंबाडा’. भाजीवालीने तिघांना तीन भाषांत तोच भाव सांगितला, आणि आम्हांला चौथीत दोन रुपये जास्त, कारण आम्ही ओळखीचे. वर्तमानपत्राचे नाव काढताच ती हसली. “मले कुठं वाचता येते, काका? पोरगं शिकते मराठी शाळेत. पन त्याले बी आता मोबाइलच पाह्यजे.” मग थोडे थांबून म्हणाली, “जुना पेपर असंन तर आना मात्र. पुड्या बांधाले कामी येते.” हा प्रस्ताव आम्ही विचारार्थ ठेवून घेतला.

एका जुन्या शिंप्याच्या दुकानात आमचा थोडा अपमान झाला. मियाँजी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “नक्को, साब.” आता ही ‘नक्को’ हैदराबादी दखनीत गेली कुठून? आपल्याच ‘नको’मधून. जोर देण्यासाठी ते जो ‘इच’ लावतात, तोही आपल्या ‘च’चाच भाऊ. म्हणजे मराठी वर्तमानपत्र आम्हांला मराठीतूनच नाकारण्यात आले. आम्ही हे त्यांना सांगितले. मियाँजी मोठ्याने हसले, पोऱ्याला चहा आणायला पिटाळले, आणि मग गोष्ट निघाली. त्यांची बहीण किनवटला. तिथल्या नाल्याला पूर आला, माहूरच्या यात्रेत गर्दी झाली, की ती फोनवर सांगते, पण “उसका बोलना आधा रोना, आधा हँसना, समझता नई.” छापलेले असले म्हणजे बरे. देवनागरी त्यांना शाळेतल्या हिंदीमुळे येते. आठ.

या धामधुमीत पांढरकवड्याला एक मुंज निघाली. सौभाग्यवतींसह आम्ही तेलंगणच्या बसमध्ये बसलो. डिसेंबर 2023 पासून इथे बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये पैसे पडत नाहीत, शून्य रकमेचे तिकीट मिळते. पण ते राज्याच्या हद्दीपर्यंत. कंडक्टरने सौंना एक शून्याचे तिकीट दिले आणि पुढल्या प्रवासाचे दुसरे फाडले. “पुलापर्यंत काकू सरकारच्या,” तो म्हणाला, “पुलाच्या पुढं तुमच्या.” सारी बस हसली. सौं मात्र पूल ओलांडेपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत. सरकारी पाहुण्या होत्या त्या. परतताना महाराष्ट्राच्या एस.टी.त उलटा हिशेब. तिथे मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट, तेही हद्दीपर्यंतच. एकाच नदीवर एकाच बाईची किंमत किती वेळा बदलते याचा सौंनी मांडवात जो हिशेब सांगितला, त्यापुढे मुंजा मुलगा फिका पडला.

मुंजीच्या जेवणानंतर आम्ही तिथल्या वर्तमानपत्र विक्रेत्याला भेटलो. आदिलाबादचे पार्सल बंद करू नका, इतकीच विनंती. तो सज्जन होता. त्याने आम्हांला बसायला खुर्ची दिली, सुपारी दिली, आणि सांगितले, “काका, तुमचं गाव आमच्या हद्दीत येत नाही ना.” आम्ही त्या खुर्चीवर जरा वेळ तसेच बसून राहिलो. तेलंगणात कोणी ‘महाराष्ट्रवाले’ म्हटले तर आम्हांला राग येत नाही. चार पिढ्या ऐकत आलो. पण पुलापलीकडच्या माणसाने, आमच्याच भाषेत, इतक्या गोडीने ‘तुमचं’ आणि ‘आमचं’ केले ते मात्र लागले. खोटे कशाला सांगावे?

नववा वाचक उटनूरकडचे एक निवृत्त गोंड गुरुजी. त्यांच्या वडिलांनी अक्षरे गिरवली ती देवनागरीत. 1943 मध्ये मारलवाईला गोंड मुलांसाठी शिक्षणाची योजना सुरू झाली, तेव्हा गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत निघाली होती, आणि गुरुजींच्या घरी मराठी त्या पाठोपाठ आली. गुरुजींना वर्तमानपत्र हवे होते ते भांडण्यासाठी. पौष अमावास्येला केस्लापूरची नागोबा यात्रा भरते. मेस्राम कुळातली माणसे पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, आणि मग पूजा होते. एका वर्षी नदीपलीकडच्या छापखान्याने कुळाचे नाव चुकवले, पाणी दुसऱ्याच नदीचे छापले, आणि गुरुजींना ते दोन महिन्यांनी कळले. “रोज आला तर दुसऱ्या दिवशी पत्र टाकता येईल,” ते म्हणाले. संपादकाला असा वाचक मिळणे हे केवढे भाग्य, हे आम्ही त्यांना सांगितले नाही.

दहावे घर आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले होते, कारण ते हमखास. जुने मराठी घराणे. चौसोपी वाडा होता, आता त्याजागी इमारत. माजघरात पूर्वजांच्या तसबिरी, कपाटात दिवाळी अंकांचे बांधीव खंड, आणि गणपतीला अजून सारा गोतावळा जमतो. यजमानांनी आमचे अगत्याने स्वागत केले. मराठीच्या दुर्दशेवर ते पाऊण तास बोलले. 2018 च्या कायद्याने तेलंगणात शाळेत तेलुगू सक्तीची झाली आणि 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात मराठी, तेव्हा त्यांच्या एका नातवाला इथे तेलुगू आणि दुसऱ्याला पुण्यात मराठी सक्तीने शिकावी लागते, यावर त्यांनी फार मार्मिक टीका केली. कॉफी उत्तम होती. आम्ही हळूच प्रतीचा विषय काढला. यजमान प्रेमळपणे म्हणाले, “अहो, आता कागद कोण घेतो? सगळे फोनवर येते की.” आम्ही विचारले, “आपण फोनवर वाचता?” ते म्हणाले, “वेळ कुठे मिळतो?”

आम्हांला त्यांचा राग आला असे नाही. आम्हीही अशाच घरातले. आमच्या मुलीच्या घरी हैदराबादेत कोणते वर्तमानपत्र येते हे आम्ही तिला विचारलेले नाही, विचारण्याचे धैर्यही नाही. पण अडत्या, शिंपी आणि गुरुजी या तिघांनी पाच मिनिटांत पैसे काढले आणि जिथे दिवाळी अंक बांधून ठेवले आहेत तिथून आम्ही कॉफी पिऊन रिकाम्या हाताने उतरलो, हे जसे घडले तसे इथे नमूद करतो. वाचकांपैकी कोणाला आपले घर आठवले तर आमचा इलाज नाही.

महिनाअखेरीस आम्ही स्टॉलवर गेलो. “नऊ झाले,” आम्ही म्हणालो, “दहावी प्रत मी दोन घेऊन भरून काढतो.” घरी याचे काय पडसाद उमटतील ते डोळ्यांपुढे दिसत होते. स्टॉलवाल्याने बोटांवर मोजले आणि मान हलवली.

“दोन कशाला, ताता? दहावा मी की.”

“तुला मराठी येते?”

“इतकी वर्षं वाचतो ना. एस.टी. येते सहाला, तुम्ही येता सातला. तोवर तुमचाच पेपर वाचतो.”

आता तो स्वतःची प्रत वाचतो. आमच्या प्रतीची घडी कोरी असते, आणि आम्ही पोहोचलो की बातम्या तोच आधी सांगून टाकतो.