ग्रुपवर टाका ना भाऊ

ग्राहकांनी कंपनीशी आणि एकमेकांशी बोलायचं कुठे, यावर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचे दोन पंथ आहेत. एकाला मेल हवा, दुसऱ्याला वेबसाइटवरचा उघडा चर्चामंच. खानदेशात हा वाद सुरूच झाला नाही, कारण इथे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने दोघांनाही गिळलं. जळगावात ठिबक घ्या, रावेरात टिश्यू कल्चरची रोपं घ्या, नाहीतर धुळ्यात सोलर पंप बसवा. बिलासोबत ग्रुपची लिंक येतेच. आपण त्याला सेवा म्हणतो. ग्राहकासाठी ही तिन्हींतली सगळ्यात वाईट जागा आहे, आणि विकणाऱ्याला ती आवडते तीही त्याच कारणाने.

केळीचंच घ्या. मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. पावसाची रिपरिप आणि ढगाळ हवा लांबली की सीएमव्ही, म्हणजे आपल्याकडचा हरण्या, डोकं वर काढतो. पानावर पिवळे पट्टे दिसतात आणि ग्रुपवर फोटो पडतो, 'भाऊ, हे काय?' कोणीतरी जाणता शेतकरी नीट उत्तर देतो: रोगट झाड उपटून नष्ट करा, माव्याचा बंदोबस्त करा, बागेत-बांधावर काकडी-भोपळ्याचे वेल ठेवू नका. दुपारपर्यंत त्या उत्तरावर गुड मॉर्निंग, वाढदिवसाचे केक आणि कोणाच्या तरी नेत्याचा बॅनर चढलेला असतो. पुढच्या हंगामात तोच प्रश्न, तोच फोटो, तोच जाणता माणूस. तिसऱ्या वर्षी तो उत्तर देणं सोडतो. त्याला दोष देता येत नाही.

मेल जुनाट वाटतो, पण त्यात एक गोष्ट पक्की असते: माझ्या डब्यात आलेली प्रत माझी. लिनक्सच्या कर्नलचं काम आजही मेलवर चालतं आणि वर्षानुवर्षांची चर्चा कोणालाही उघडून वाचता येते. ग्रुपचं उलट आहे. फक्त अ‍ॅडमिनने बोलायचं, ही सोय 2018 मध्ये आली. कोणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनमधून काढायचा अधिकार अ‍ॅडमिनला 2022 मध्ये मिळाला. आता विचार करा, कंपनीच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण असतो? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच हाती रजिस्टर.

हे फक्त गैरसोयीपुरतं नाही. बियाणं विकत घेणारा शेतकरी हाही ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात 2012 मध्ये स्पष्ट केलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार एकाच प्रकारचं नुकसान झालेल्या अनेकांना, आयोगाच्या परवानगीने, एकत्र तक्रार करता येते. पण एकत्र यायला एकमेकांचा पत्ता लागायला हवा. रावेरच्या ग्रुपवर एकाची रोपं खराब निघाली आणि शिरपूरच्या ग्रुपवर दुसऱ्याची, तर दोघांनाही वाटतं, आपलंच नशीब फुटकं. कंपनीच्या माणसाला मात्र दोन्हीकडचं दिसतं. तो प्रेमाने लिहितो, 'दादा, पर्सनलवर बोलू.' तक्रार पर्सनलवर गेली की संपली.

'शेतकरी वेबसाइटवर जाऊन शोधणार आहे का?' असं मला ऐकवतात. त्यांनी एकदा शेतकऱ्याची यूट्यूबची हिस्ट्री बघावी. तो रोज शोधतो. त्याला तिथे जाहिरात सापडते, शेजारच्या तालुक्यातला अनुभव सापडत नाही, कारण तो एक हजार चोवीस जणांच्या बंद खोलीत पडून आहे. टायपिंगचा कंटाळा हा आक्षेप मात्र खरा आहे. बोलून पाठवलेलं उत्तर ऐकायला सोपं, शोधायला अशक्य. म्हणून ग्रुप बंद करा असं मी म्हणत नाही. घाईची मदत तिथेच मिळते. पण आलेला प्रश्न, फोटो, लॉट नंबर आणि कंपनीचं उत्तर लॉगिनशिवाय वाचता येईल अशा पानावर तारखेसह चढवायला हवं, आणि ग्राहकाचा मोबाइल नंबर तिथे नको. ग्रुपवर तो सगळ्यांना दिसतो, मग खतवाले, विमावाले फोन करत बसतात. असं पान करायला आमच्यासारख्याला दोन-तीन आठवडे पुरतात. अडचण तंत्राची नाहीच.

अडचण ही की असं पान मागणारं कोणी नाही. कांदेबागेची रोपं बुक करायला जाल तेव्हा अ‍ॅडव्हान्स देण्याआधी काउंटरवर विचारा: गेल्या हंगामातल्या तक्रारी आणि त्यांवरची तुमची उत्तरं मला कुठे वाचायला मिळतील?