संकटांचा अभ्यास

संकट ओसरले की मनुष्य ते विसरू पाहतो. पाऊस पडून शेते हिरवी झाली, म्हणजे गेल्या दुष्काळाची आठवणही नकोशी वाटते. अशा वेळी एखादा संशोधक गावोगाव हिंडून त्या दुष्काळाची हकीकत विचारू लागला, तर लोक म्हणतात, “झाले गेले उगाळून काय लाभ? भुकेल्याला अन्न हवे. ग्रंथ काय कामाचा?” हा आक्षेप वरवर पाहता पटण्याजोगा आहे, परंतु तो विचारान्ती टिकत नाही.

१९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. भुकेने व रोगराईने सुमारे ३० लाख माणसे मृत्युमुखी पडली. प्रांतात धान्यच उरले नव्हते, असा पुष्कळांचा समज होता. त्या वेळी बंगालमध्येच राहणारे नऊ-दहा वर्षांचे अमर्त्य सेन पुढे अर्थशास्त्रज्ञ झाले. त्यांनी त्या काळातील पिकांचे, भावांचे व मजुरीचे आकडे बारकाईने तपासले आणि १९८१ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. १९४१ साली याहून कमी धान्य असूनही असा दुष्काळ पडला नव्हता, असे त्यांना आढळले. मग १९४३ मध्येच हा अनर्थ का ओढवला? युद्धकाळात तांदळाचे भाव भडकले. मजुरी मात्र त्या मानाने वाढली नाही. बाजारात धान्य होते, पण ते विकत घेण्याची ऐपत शेतमजुरांपाशी व कोळ्यांपाशी उरली नव्हती.

आता महाराष्ट्राकडे पाहा. येथे १९७० पासून सलग तीन वर्षे पावसाने दगा दिला. १९७२ मध्ये पिके बुडाली. तेव्हा शासनाने रस्ते, बंधारे व तलाव यांची कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख मजूर राबत होते. लोकांचे हाल झाले, गुरे दगावली. तथापि हाती मजुरी आल्यामुळे असंख्य कुटुंबांना धान्य विकत घेता आले. ज्याँ द्रेज आदी अभ्यासकांनी ही गोष्ट पुढे तपशीलवार दाखवून दिली. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदाही केला.

भुकेल्याला अन्न हवे, हे खरेच. पण ते त्याच्या मुखापर्यंत कोणत्या वाटेने पोचते आणि ती वाट कोठे अडते, हे अभ्यासावाचून कळत नाही. ज्यांनी संकट सोसले त्यांचे बोल ऐकून ठेवणे व त्यांतून पुढील पिढीला सावध करणे, हेच या संशोधनाचे प्रयोजन होय. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. ती कोठे खणावी, हेही आधीच शोधून ठेवावे लागते.