दीपधारिणी : प्रतीक आणि भाववृत्ती

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांचे, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलासंग्रहात आहे. ‘ग्लो ऑफ होप’ हे इंग्रजी नाव त्याला चिकटले आणि त्या नावानेच त्याचा अर्थही ठरवून टाकला : दिवा म्हणजे आशा. हे चित्र अनेकदा राजा रविवर्म्याचे म्हणूनही सांगितले जाते. वस्तुतः रविवर्म्याचे निधन 1906 साली झाले, तर हे चित्र 1940 नंतरचे आहे. या दोन्ही प्रमादांचे मूळ एकच. चित्र पाहण्यापूर्वीच ते ओळखल्याची खात्री.

रविवर्म्याच्या शकुंतलेची किंवा दमयंतीची भाववृत्ती प्रेक्षक कथेच्या आधारे ओळखतो. हळदणकरांच्या स्त्रीमागे अशी कथा नाही. चित्रासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती, ही माहितीही चित्रातील भावाचा उलगडा करीत नाही. मग तो शोधावा कोठे?

तिन्हीसांजेला देवापाशी लागणाऱ्या दिव्याची स्मृती मराठी प्रेक्षकाला टाळता येणार नाही, असा आक्षेप येथे संभवतो. तो रास्त आहे. परंतु ती स्मृती कोणत्याही दिव्याला लागू पडते. या चित्राचे वेगळेपण ज्योतीवर धरलेल्या हातात आहे. बोटांतून पाझरणारा तांबूस प्रकाश चेहऱ्यावर येतो आणि भोवतालचा काळोख अधिक गडद होतो. आडोसा धरणे म्हणजे वाऱ्याची शक्यता मान्य करणे. म्हणूनच चित्रातील भाव निःशंक आशेचा नाही. त्यात जपणूक आहे आणि विझण्याची धास्तीही आहे.

माध्यमही याच अर्थाला दुजोरा देते. पारदर्शक जलरंगात उजेड वरून चढवता येत नाही. कागदाचा शुभ्रपणा राखूनच तो मिळवावा लागतो. ती स्त्री ज्योत सांभाळते, तसा चित्रकार कागदावरचा उजेड सांभाळतो. प्रतीक येथे बाहेरून आलेले नाही, ते कृतीतूनच सिद्ध झाले आहे.

साहित्याच्या अध्यापनातही ‘दिवा म्हणजे आशा’, ‘नदी म्हणजे जीवन’ अशी समीकरणे सर्रास चालतात. प्रतीकाचा कोश हाताशी असला की कलाकृती पाहण्याची गरज उरत नाही, हाच त्यांतील खरा धोका. भाववृत्तीचा शोध आधी आणि प्रतीकाचा निर्णय मागाहून, हा क्रम हळदणकरांचे हे चित्र शिकवते.