यंत्र बोट ओळखते, भीती नाही

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. निवडणुकीतल्या घोळाचा विषय निघाला की मित्र म्हणतात, ‘चांगलं तंत्रज्ञान आणा, प्रश्न मिटेल.’ त्यांना मी अफगाणिस्तान दाखवतो.

28 सप्टेंबर 2019 च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथे बोगस मतदान रोखायला बायोमेट्रिक यंत्रे आणली. बोटांचे ठसे, फोटो, वेळेची नोंद, सगळे होते. पण तालिबानच्या धमक्यांमुळे अनेक केंद्रे उघडलीच नाहीत, लोक घरीच राहिले. नोंदणी सुमारे 96 लाखांची, वैध मते जेमतेम 18 लाख. त्यातही लाखभर मतांवरची वेळ मतदानाच्या तासांबाहेरची निघाली. ती धरायची की नाही, हे यंत्र सांगत नाही. ते आयोगाने ठरवले, आणि आयोगावर विरोधकांचा विश्वास नव्हता. निकाल लागला 18 फेब्रुवारी 2020 ला: अश्रफ घनी, 50.64 टक्के. 9 मार्चला घनी आणि अब्दुल्ला अब्दुल्ला, दोघांनीही अध्यक्षपदाची शपथ घेतली!

म्हणून संघर्षग्रस्त भागातल्या निवडणुकीबद्दल मत बनवताना आपण तरुणांनी आधी तीन गोष्टी विचाराव्यात. मतदार निर्भयपणे केंद्रापर्यंत पोहोचतो का? तक्रारीचा निवाडा कोण करतो? आणि हरणाऱ्यालाही तो पंच मान्य आहे का? यंत्र कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.